पहिला ग्लास

दत्तूअण्णा मिक्सर थांबवायचे, झाकण काढायचे आणि पहिला अर्धा ग्लास स्वतःच पिऊन टाकायचे. घोट तोंडात घोळवत, डोळे मिटून. मग "पास" म्हणायचे आणि उरलेलं बायकोच्या ग्लासात ओतायचे. पाहणाऱ्याला वाटावं, काय हावरट म्हातारा आहे. पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं.

अण्णा दिघीतले माझे घरमालक. त्याच्याही आधी, भोसरीच्या एका कारखान्यात मी कामाला लागलो तेव्हा तपासणी खात्यातले माझे वरिष्ठ. मशीनवर नवं काम लागलं की पहिला नग आधी तपासायचा आणि तो पास झाल्याशिवाय दुसरा काढायचा नाही, हा तिथला नेम अण्णांच्या हाडीमाशी भिनला होता. कुणी नुसतं "बरोबर वाटतंय, अण्णा" म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. "तुला काय वाटतंय ते कुनी इचारलंय? जॉबला इचार!" म्हणजे मशीनवरच्या नगाला मापाचं गेज लाव, मोज, मग तोंड उघड.

ते निवृत्त झाले, मी चाकणला दुसऱ्या कंपनीत गेलो. बायको-मुलं लातूरला, मी अण्णांच्या वरच्या खोलीत. थर्ड शिफ्ट करून सकाळी आठला परतायचो तेव्हा अंगात त्राण म्हणून नसायचं. जिना चढण्याआधी त्यांचं स्वयंपाकघर लागायचं, आणि तिथून मिक्सरची घरघर ऐकू यायची.

अण्णांच्या बायकोच्या, शांताकाकूंच्या, घशाचं ऑपरेशन झालं होतं, वर किरणांचे उपचार. घास अडकायचा आणि साध्या पाण्यानं ठसका लागायचा. उतरायचं ते फक्त मधलं काहीतरी, दाट पण गुळगुळीत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की महिन्याभरात वजन आणखी उतरलं तर नाकातून नळी परत घालावी लागेल. ती नळी काकूंनी एकदा भोगली होती. आता नको, असं त्यांनी हात जोडून सांगितलं होतं. बोलायला आवाज तेवढा उरलाच नव्हता.

मग आयुष्यात चहादेखील न केलेले अण्णा मोबाइलवर बघून स्मूदी करायला शिकले. "शहानी लोकं स्मूदी म्हनत्यात. फळाचं पातळच की!" पूर्ण पिकलेलं एक केळं, पपईच्या चार फोडी, रात्री भिजवून सोललेले आठ बदाम आणि एका मोसंबीचा रस. बदाम आधी एकटे वाटायचे, मग फळं. मिक्सर सलग न चालवता थांबत थांबत, नाहीतर फेस होतो आणि फेसानं काकूंना ठसका लागतो. शेवटी चाळणीतून गाळायचं. चमचा तिरका धरून थेंब पडायला तीन आकडे मोजून व्हायला हवेत. दोनातच पडला तर आणखी केळं, चारावर गेला तर दोन चमचे पाणी. सगळं दहा मिनिटांत. मोसंबीवर त्यांची फार श्रद्धा होती. "त्याबिगर तोंडाला चवच न्हाई येत बघ." काकूंच्या हातात ग्लास दिला की ते समाधानानं आंघोळीला जायचे.

एका सकाळी बाथरूमचं दार लागलं आणि काकूंनी मला खिडकीतून खूण केली. ग्लास पुढे धरला. दोन घोट कमी झाले होते, बाकी तसाच. "तू पी," त्या कुजबुजल्या. "त्यांना सांगू नगं." मी रात्रभर उभा होतो, पोटात आग पडली होती. विचारायचं सोडून मी तो गटागटा पिऊन टाकला. गोड, किंचित आंबट, गार. काय सांगू, जीव सुखावला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि तिसऱ्याही. पुढे तर खिडकीपाशी माझे पाय आपोआप थांबू लागले. याची मला आजही लाज वाटते.

महिन्याचं वजन झालं. काकू दोन किलो उतरल्या होत्या. आठवड्याभराची मुदत मिळाली, नाहीतर नळी. त्या दिवशी मी आलो तेव्हा अण्णा ओट्यापाशी चमचा धरून उभे होते. थेंब पडत होते, ते आकडे मोजत होते, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजत होते. "माप बराबर हाय रे," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "रोज पास करतो म्या. मग चुकतंय कुठं?" इतका थकलेला आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मला राहवलं नाही. "अण्णा, तो ग्लास मी पितोय. रोज."

आता शिव्या पडणार म्हणून मी मान खाली घातली. शिव्या आल्या नाहीत. अण्णांनी चमचा ठेवला आणि खिडकीपाशी बसलेल्या काकूंकडे वळून त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले. "का गं?"

काकूंनी ओट्यावरच्या मोसंबीच्या सालीकडे बोट दाखवलं. मग कुजबुजत म्हणाल्या, "झोंबतं. मोसंबी. आग हुती समद्या तोंडाची."

"मग बोलायचं न्हाई व्हय?"

"एवढं करताय. कसं बोलू?"

अण्णांनी माझ्याकडे मान वळवली. मग मला म्हणाले, "बघ, चाळीस वर्सं दुसऱ्याला शिकवलं. आन् गेज लावलं माझ्या जिभंचं. जॉबला इचारलंच न्हाई." त्यांनी डोळे पुसले आणि बायकोला विचारलं, "तुला कसं पायजे?" संसारात हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला असावा, कारण काकूंना उत्तर द्यायला फार वेळ लागला.

मोसंबी गेली, आणि काकूंना न आवडणारी पपईही. केळं, चिकू, बदाम आणि उकळून गार केलेलं दूध आलं. पहिला ग्लास आता काकूंचा. त्या घोट घ्यायच्या, अण्णा चमचा हातात धरून उभे राहायचे, आणि काकूंनी मान हलवली की त्यांच्या जिवात जीव यायचा. आठवड्यानं वजन जागच्या जागी होतं, पुढच्या महिन्यात थोडं वर सरकलं. नळी परत आली नाही.

अण्णा मात्र गेल्या हिवाळ्यात गेले. सकाळी पेपर वाचता वाचता, खुर्चीतच. काकूंना सांभाळायच्या नादात स्वतःच्या छातीचं दुखणं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

अण्णांचे दिवस झाल्यावर पहिल्याच थर्ड शिफ्टनंतर मी परतलो, तर मिक्सर चालू होता. आत काकू होत्या. आता त्यांना मऊ भातही उतरतो, तरी सकाळचा ग्लास त्यांनी सोडलेला नाही. त्यांनी मला आत बोलावलं, भांडं धुतलं आणि विचारलं, "तुला कसं पायजे?"

"काहीही चालेल, काकू."

"काईबी न्हाई. सांग."

मी दाराला टेकून उभा होतो. डोळे मिटत होते. "मोसंबी घालून," मी म्हणालो. "अण्णा करायचे तसं."

टोपलीत एकच मोसंबी होती. ती काकूंनी उचलली आणि माझ्याकडे पाठ करून सोलायला घेतली.