वहिनींचा जबाब

मी खोटं प्रतिज्ञापत्र केलं होतं. माझी मुलगी रत्नागिरीत, माझ्याजवळ, भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. आणि ती पावसजवळच्या आमच्या गावी राहते असं मी सहीनिशी लिहून दिलं होतं. मी स्वतः सरकारी कचेरीत कारकून. अशा कागदाचा अर्थ मला दुसऱ्या कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जिल्ह्यातल्या एका सरकारी निवासी शाळेत बहुतेक जागा खेड्यात राहणाऱ्या मुलांसाठी राखीव असत. मुलगी हुशार होती, पण शहरातून तिचा नंबर लागणं कठीण होतं. आमच्याकडे माणसाला गाव विचारलं तर तो जिथे राहतो ते सांगत नाही, जिथे त्याचा गणपती बसतो ते सांगतो. मीही जन्मभर तेच सांगत आलो होतो. ग्रामपंचायतीत दाखला मागितला तेव्हा कुणी काही विचारलंसुद्धा नाही. "तुम्ही आमचेच की," एवढं म्हणून शिक्का मारला. मग मलाही वाटू लागलं, यात खोटं ते काय?

गावच्या घरात तेव्हा माझ्या चुलतवहिनी एकट्या राहायच्या. त्यांचा नवरा, माझा चुलतभाऊ, मुंबईला गिरणी बंद पडल्यावर कुठेतरी पहारेकरी होता. मुलीची निवड झाली आणि पाठोपाठ कळलं की पत्त्याच्या पडताळणीला एक साहेब गावच्या घरी येणार. मी आदल्या दिवशीच मुलीला गावी नेलं. पाण्याची बाव कुठे, गुरं किती, शाळेची वाट कुठली, सगळं घोकून घेतलं. वहिनी खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालत होत्या. त्या म्हणाल्या, "भावोजी, पोरीला पोपट करू नका हो. नको तिथे बोलेल."

साहेब आले ते शांत, हसतमुख. त्याचीच मला जास्त भीती वाटली. मुलीने पाठ केलेलं सगळं नीट सांगितलं. मग त्यांनी सहज विचारलं, "रात्री झोपतेस कुठे, बाळ?"

"काकीजवळ."

"आणि काकी कुठे झोपते?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. तिला ते ठाऊक नव्हतं, कारण आदल्या रात्री ती माझ्या कुशीत पडवीत झोपली होती.

"माजघरात, आणि कुठे?" वहिनी दारातूनच म्हणाल्या. "घोरते मेली. मला डोळा लागू देत नाही."

साहेब हसले. मग त्यांनी वहिनींचा जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला आणि म्हणाले, "हे खोटं ठरलं तर गुन्हा आहे, बाई. कैदही होऊ शकते." वहिनींनी कोकमाने लाल झालेली बोटं लुगड्याला पुसली आणि सही केली. मी शेजारी उभा होतो. मी त्यांचा हात धरला नाही.

पुढे काही दिवसांनी कचेरीत चहा पिताना शिपाई सांगू लागला, "भाऊसाहेब, ऐकलंत काय? देवरूखकडे एकाला पोलिसांनी नेला. पोरासाठी खोटा दाखला काढलान. आणि ज्याने साक्ष दिली, त्यालापण उचललानी!" बाकीचे हसले. मी चहा अर्धा ठेवून माझ्या टेबलाशी गेलो.

तोवर मी माझ्या नोकरीला घाबरत होतो. त्या दिवसापासून डोळ्यांपुढे वहिनी येऊ लागल्या, पोलिसांच्या जीपमध्ये बसलेल्या. जेवण जाईना. बायकोने एकदाच विचारलं, "त्यांना नेलं तर भाऊंना काय सांगणार तुम्ही?"

शेवटी मी पडताळणीच्या त्या साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चौकशी संपलेली नाही अजून. तुम्ही त्या बाईंना बोलायला लावलंत असं लिहून द्या. त्यांचं बघता येईल. तुमचं सांगता येत नाही." मी तिथेच बसून लिहून दिलं. मुलीची जागा गेली. माझ्यावर खात्याची चौकशी बसली, वेतनवाढ रोखली गेली. खटला झाला नाही, पण होईल या धाकात मी वर्षभर काढलं. वहिनींना नुसती ताकीद द्यायचं ठरलं.

ते कळलं त्याच दिवशी मी एसटीने गावी गेलो. वहिनी गाईला पेंढा घालत होत्या. मी लांबण लावली. कायद्यात असं आहे, साहेब बरे निघाले, आता काळजीचं कारण नाही.

"भावोजी," त्या मागे न वळता म्हणाल्या, "जीपचा आवाज आला की मी मागल्या दारी जाऊन बसायची. शेजारणीला सांगून ठेवलं होतं, मला नेली तर गाय तुझ्या गोठ्यात बांध. तुमच्या भावाला कळवू नको म्हटलं, उगाच धावत येतील, असलेली नोकरी जाईल."

इतके दिवस मी भ्यालो होतो ते घरच्या माणसांत बसून. त्या एकट्या भ्याल्या होत्या.

"वहिनी," मी म्हटलं, "खोटं माझं होतं आणि सही तुमची घेतली. साहेब तुरुंगाचं बोलले तेव्हाही मी गप्प राहिलो. माझं चुकलं. मला माफ करा."