मूठभर कोंडा

प्रवासवर्णनं लिहिणारी माणसं काश्मीरला जातात, निदान महाबळेश्वरला तरी. मी नगरला जाते. संगमनेरहून सकाळी साडेसहाची एस.टी., मग लोणी, कोल्हार, राहुरी करत नगर. आठ महिन्यांतली ही माझी अकरावी खेप. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा आता मला ओळखतो. पण ज्या संस्थेत मी जाते तिथला कारकून अजून ओळखत नाही. दर वेळी चष्म्यावरून बघून विचारतो, "आपलं काय काम?"

काम असं. लग्नाला चौदा वर्षं झाली, मूल नाही. मी मुलींच्या शाळेत शिक्षिका, हे दूध सोसायटीत. दोघांनी ठरवलं, मूल दत्तक घ्यायचं. नगरच्या त्या अनाथ मुलांच्या संस्थेचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर कौतुक समजून मला सत्काराला बोलावतील. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथल्या साहेबांनी गुटगुटीत मुलं ओळीनं दाखवली. एकीला टाळ्या वाजवायला लावलं. कोपऱ्यातल्या पाळण्यात एक बारकीशी मुलगी पडली होती. ओठ जांभळट, छाती धपापत होती आणि कपाळाला ही एवढी आठी. टाळ्यांकडे, आमच्याकडे, साहेबांकडे ती अशी बघत होती, जणू या सगळ्या प्रकाराचा तिला वीट आला होता.

"ही माझी," मी म्हटलं.

"स्वभावावरून दिसतंच आहे," हे म्हणाले.

साहेब गडबडले. "ती? तिच्या हृदयाला छिद्र आहे हो. दुसरी बघा ना." माठ फुटका निघाला तर कुंभारसुद्धा इतक्या सहज बोलत नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी तिचं ऑपरेशन करायला सांगितलं होतं, आणि लांबवू नका असंही. ऑपरेशनला पालकाची सही लागते. साहेब सही करीनात, कारण बरंवाईट झालं तर संस्थेच्या नावाला बट्टा. आम्ही करतो म्हटलं, तर आम्ही पालक नव्हे. पालक व्हायला कोर्टाची परवानगी. कोर्टाला दाखला हवा, की मूल जिथं सापडलं तिथं त्याच्यावर कोणी हक्क सांगत नाही. दाखल्यासाठी संस्थेनं पत्र लिहायचं, आणि पत्र लिहिणारे भाऊसाहेब लेकीच्या लग्नासाठी रजेवर. लेकीचं लग्न झालं, ती माहेरपणाला येऊन गेली, पत्र काही निघेना. तेवढ्यात मुलगी जांभळटाची निळी होत चालली.

नातेवाइकांचं तर विचारूच नका. माझी नणंद म्हणाली, "वहिनी, हे म्हणजे विकतचं श्राद्ध!" हिच्या दोन्ही बाळंतपणांत हिची दुखणी मीच काढली होती. तेव्हा तिला श्राद्धं आठवली नव्हती.

शेवटी पत्र मीच लिहिलं, साहेबांची सही घेतली आणि दाखला आणायला स्वतःच काष्टीला निघाले. मुलगी काष्टीच्या आठवडे बाजारात एका सुपात सापडली होती, जेमतेम दोन महिन्यांची असताना.

आधी तिला बघायला संस्थेत गेले. तिथं तिचं नाव शकुंतला. टाकलेल्या मुलीला शकुंतला म्हणायची असल्या संस्थांना फार हौस. आता ती सव्वा वर्षाची झाली होती, पण बसवली तर दोन मिनिटांत दमे. मी खुळखुळा वाजवला. तिनं तो हातात घेतला, पाहिला, खाली टाकला आणि आठी घातली. मला कोण आनंद झाला.

नगरहून दौंड रस्त्याची गाडी धरली. दोन्हीकडे दुष्काळ. बोरीबाभळी तेवढ्या उभ्या, रानं फुफाट्यानं भरलेली, विहिरींच्या तळाशी माणसं उतरलेली. गाडीत दोन पुढारी देश कसा सुधारेल यावर बोलत होते आणि माझ्या पायावर त्यांची पिशवी होती.

काष्टीचा बाजार मोठा. फासळ्या निघालेले बैल, लाल मिरच्यांचे ढीग, धुरकटलेल्या कढईतली भजी. दाखला देणारे गृहस्थ भज्यांच्या हॉटेलातच सापडले. त्यांनी कागद वाचला, बोटं पुसली आणि लिहायला घेतलं.

"चौकशी?" मी विचारलं.

"चवकशी कसली, बाई? आलंय का कोन म्हनाया, पोर माजं म्हनून?" त्यांनी सही केली, खिशातून शिक्का काढला, फुंकर मारली आणि उमटवला. भजी निवायच्या आत माझं काम झालं. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला सरकारी कागदाचं प्रेम वाटलं.

तिथून थेट परत यायला हवं होतं. पण वाटलं, ती जागा बघून घ्यावी. उद्या मुलगी मोठी होऊन विचारील. बाजाराच्या टोकाला उकिरड्याशेजारी एक म्हातारी लसूण-मिरच्या घेऊन बसली होती. गयाबाई तिचं नाव. तिला विचारलं.

"हितंच हुतं ते सूप. तुमी कोन?"

"ती मुलगी आम्ही दत्तक घेतोय. टाकून दिलेली..."

"टाकल्याली?" म्हातारीनं हातातला तराजू खाली ठेवला. "कोन म्हनतं टाकल्याली? हौसाची दोन पोरं आदीच गेल्ती. ही तिसरी, तीबी निळी पडाया लागली. म्हनून सुपात घालून हितं ठिवली. म्या मूठभर कोंडा देऊन इकत घ्यायची, आन पुन्यांदा तिलाच सांबाळाया द्यायची, असं आमचं ठरल्यालं."

(आमच्या भागातली ही जुनी रीत. ज्या बाईची मुलं जगत नाहीत ती नवं मूल उकिरड्यावर ठेवते आणि दुसरी बाई ते मूठभर कोंड्याला, म्हणजे धान्याच्या टरफलांना, विकत घेते. मृत्यू आईच्या दारी शोधत आला, तर मूल आता दुसरीचं असतं. कोंडाबाई, केरबा ही नावं त्यातूनच आली. माझ्या वर्गात आजवर चार कोंडाबाई शिकून गेल्या. मी त्यांना शुद्धलेखन शिकवलं, नाव कुठून आलं ते एकीलाही विचारलं नाही. वर आम्हीच शहाण्या.)

"मग?"

"मग काय! कोंडा माज्या पदरातच हुता. पर एक गिऱ्हाईक आलं, मिरच्यांचा भाव करीत बसलं. तेवड्यात बंदोबस्ताला भाईरून आल्याला शिपाई सूप उचलून चालाय लागला. हौसा धावली, तर तिलाच म्हनला, पोर टाकतीस, बेड्या घालीन. भ्याली ती. उसतोडीची टोळी निघाल्ती, मुकादम थांबतोय व्हय?" म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. "म्या त्या मेल्या गिऱ्हाइकाला हाकलला असता तर!"

"आता ती कुठं असते?"

"नवरा मेला तिचा गेल्या साली. म्हायारी हाय, पारनेरच्या अंगाला. खडी फोडाया जाती."

परतीच्या गाडीत दाखला पर्समध्ये होता आणि पर्स मांडीवर. नगरच्या स्टँडवर उतरले. डावीकडे कोर्टाचा रस्ता, समोर पारनेरची गाडी लागलेली. ती गाडी मी सोडली. पुढचीही सोडली. लिंबू सरबत प्यायले, ते पाणचट होतं; त्या माणसाला उगाच बोलले. खोटं कशाला सांगू, त्या दोन तासांत मी मनातल्या मनात कोर्टात चार वेळा जाऊन आले. म्हातारी काही साक्षीला येणार नव्हती. हौसाला काही कळणार नव्हतं. कोंडा खाणाऱ्या माणसांपेक्षा माझ्याकडे मुलगी सुखात राहील, असंसुद्धा मनात आलं. मग समोर नजर गेली. कोणी साहेब फायली घेऊन जीपमधून उतरत होते. आठ महिने ज्यांना नावं ठेवली त्यांच्या रांगेत आपण जाऊन उभे राहिलो, हे मला तेव्हा कळलं. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती. पारनेरच्या तिसऱ्या गाडीत चढले.

ती गाडी वाटेत तापून उभी राहिली. इंजिनाला पाणी हवं, आणि पंचक्रोशीत पाणी नाही. कंडक्टर म्हणाला, "ज्याच्याकडं पानी हाय त्यानं वता, न्हाईतर चालत निघा." माझ्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी त्यात गेलं. दोन धोतरवाल्यांनी आपल्या बाटल्या सदऱ्याआड लपवल्या आणि गाडी सुरू झाल्यावर सगळ्यांच्या आधी जागा धरल्या.

पारनेरला विचारत गेले, तर पुढं माळावर दुष्काळी काम चाललेलं. शेकडो बाया उतरत्या उन्हात बसून खडी फोडत होत्या. मुकादमानं हौसाकडे बोट केलं. पंचविशीची असेल, दिसत होती चाळिशीची. समोर बसून मी म्हटलं, "काष्टीच्या बाजारातल्या सुपाबद्दल बोलायला आले."

हातोडी थांबली. "म्या टाकली न्हाई."

"मला ठाऊक आहे."

"तुमी पोलिसातल्या?"

"नाही. शाळेत शिकवते."

तिनं हातातला दगड खाली ठेवला. मग अगदी हळू विचारलं, "जगती हाय?"

मी मान हलवली आणि रडले. ती रडली नाही. उठली, पदर झटकला. दुपारी कामावर वाटलेली सुकडी (कामकऱ्यांना मिळणारं भाजक्या पिठाचं गोड खाणं) तिनं खाल्ली नव्हती. ती पदराच्या गाठीत बांधली आणि म्हणाली, "चला."

वाटेत मी तिला सगळं सांगितलं: हृदय, ऑपरेशन, सही, आणि माझ्या पर्समधला दाखला. ती म्हणाली, "बाई, फाडा त्यो." मी फाडला. गाडीच्या खिडकीतून तुकडे माळावर गेले.

रात्र नगरच्या स्टँडवर काढली. संस्थेत दुसऱ्या दिवशी सकाळी कारकुनानं चष्म्यावरून बघून विचारलं, "आपलं काय काम?"

"मुलीची आई आलीय."

"पुरावा?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात हौसाची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. आत आया तांदूळ पाखडत होती. "त्ये सूप माजं हाय," हौसा म्हणाली. "कडंला हिरव्या खणाचं ठिगाळ हाय, आतल्या अंगानं. माज्या लग्नातल्या चोळीचं." मी आत जाऊन सूप हिसकावून आणलं आणि साहेबांच्या टेबलावर तांदूळ ओतून त्यांच्यापुढं धरलं. आतल्या अंगाला हिरवं ठिगळ. वर्षभर संस्थेनं सूप कामाला लावलं होतं; मुलीचं मात्र कोणाला काही करता आलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "पण रीतसर चौकशी..."

"अवश्य करा," मी म्हटलं. "आई रडत मागं धावत असताना मूल उचललं कसं, आणि वर्षभर तुम्ही विचारलं का नाही, हे कोर्टात लिहून द्या. अर्ज मी लिहिते. भाऊसाहेबांना रजा असेल."

कायदा हळू चालतो, असं साहेब मला आठ महिने सांगत होते. त्या दिवशी तो धावला. दुपारपर्यंत सगळे कागद झाले. पुण्याच्या दवाखान्याच्या कागदावर पालक म्हणून हौसाचा अंगठा उमटला. त्या निळ्या डागासाठी मी अकरा खेपा केल्या होत्या.

आयानं मुलगी आणली. हौसानं तिला घेतलं. मुलीनं आईकडे निरखून पाहिलं आणि आठी घातली. हौसाच्या कपाळाला अगदी तश्शीच आठी होती. इतका वेळ माझ्या कशी लक्षात आली नाही कोण जाणे. स्वभाव म्हणे माझा!

मी पिशवी उचलली. फाटकाशी हौसानं हाक मारली. "बाई, आर्दं काम ऱ्हायलंय." तिनं रस्त्याच्या कडेला सूप ठेवलं आणि त्यात मुलीला बसवलं. पाय सुपाबाहेर लोंबत होते.

समोर पिठाची गिरणी होती. मी गिरणीवाल्याकडे मूठभर कोंडा मागितला.

"कशाला? म्हशीला?"

"मुलीला," म्हटलं. त्यानं मला वेडी समजून दिला.

कोंडा हौसाच्या पदरात घातला. मुलीला उचललं. पहिल्यांदाच, कोणाची परवानगी न घेता. केवढीशी ती, हाडांचीच. पण छातीशी धरल्यावर तिची धडधड माझ्या हाडांत लागत होती.

"आता म्हना," हौसा म्हणाली.

"काय म्हणू?"

"ही माजी हाय, तू निसती सांबाळ. असं म्हनायचं."

मी म्हटलं. एका दमात नाही म्हणता आलं. मग तिला तिच्या आईच्या हातात दिलं.

ऑपरेशनपर्यंत आमच्याकडे राहा, असा मी आग्रह केला. हौसा नको म्हणाली. "तुमच्या घरात आले तर मलाच ती तुमची वाटंल, बाई." पुण्याच्या स्टँडवर भेटायचं ठरलं, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला.

राहुरी, कोल्हार, लोणी. सगळे खड्डे जागच्या जागी होते. प्रवासानं माणूस शहाणं होतं म्हणतात. मी अकरा खेपांत पाच तालुके पाहिले आणि शहाणं व्हायला एक मिरच्यावाली लागली. ऑपरेशन कसं होईल ते डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. वाट बघणं संपलेलं नाही, फक्त आता ती बघायला आणखी एक बाई आली आहे.

घरी आले तर हे दारात उभे. मागं नणंदही, मुद्दाम आलेली. आत आढ्याला नव्या कड्या ठोकून यांनी पाळणा टांगला होता. माझ्या हातात नुसती पिशवी बघून नणंद म्हणाली, "आजही नाहीच ना मिळाली?"

"मिळाली," मी म्हटलं. "मूठभर कोंड्याला विकत घेतली. तिच्या आईकडे सांभाळायला ठेवलीय."