साडेअकरावर मारलेली काट

अन्याय झाला तो शिवलीलावर. या एप्रिलच्या पहिल्या शनिवारी, सकाळच्या शाळेत, दुसऱ्या तासाला. नववीचे गणिताचे वार्षिक पेपर वाटले गेले, तेव्हा तिच्या पेपरातल्या अवयवांच्या तिन्ही गणितांवर लाल काट होती. तिन्ही उत्तरं बरोबर, तिन्हींना शून्य. एका गणितात तिनं 11.5 लिहिलं होतं. त्याभोवती लाल गोल, आणि शेजारी शेरा: "हे कुठून आणले?"

नाव तिला विचारून लिहिते आहे. आधी तिची आई नको म्हणाली होती, ते पुढं येईलच.

त्या शून्यांमुळं ती नापास झाली. आमच्याकडं नववीत नापास झालेल्या पोराला शाळा गोड बोलून सांगते, "सतरा नंबर भरा." सतरा नंबर म्हणजे शाळेत न येता, बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म. पोर दहावीला नापास झालं तरी शाळेचा निकाल शंभर टक्के राहतो. पोरगा असला तर कुठंतरी कामाला लागतो. पोरगी असली तर घरात राहते, आणि घरात राहिलेल्या पोरीबद्दल पाहुणे काय विचारायला लागतात ते मी सांगायची गरज नाही.

मी जळकोटच्या आसपासच्या गावांत गणिताची शिबिरं घेते. एका लहान संस्थेची पगारी कार्यकर्ती आहे. पत्रकं लिहायची, ती भिंतींना चिकटवायची आणि रविवारी पोरांना गणित शिकवायचं, हे माझं काम. ते 11.5 माझ्याच शिबिरातून तिच्या पेपरात गेलं होतं. म्हणून मला स्वस्थ बसवेना.

आता ते 11.5 काय प्रकरण आहे ते सांगते. गणित सोडून दिलेल्यांनीही वाचा, अवघड नाही.

6x² + 23x + 20. याला वर्ग त्रिपदी म्हणतात. तीन पदं, त्यातल्या एकात x चा वर्ग. अवयव पाडायचे म्हणजे कुठल्या दोन कंसांचा गुणाकार होऊन ही बनली ते शोधायचं. शाळेतली रीत अशी: 6 आणि 20 यांचा गुणाकार करा, 120. आता असे दोन आकडे शोधा, ज्यांचा गुणाकार 120 आणि बेरीज 23. कसे शोधायचे? शोधा! 2 आणि 60? नाही. 5 आणि 24? नाही. 6 आणि 20? जवळ आलं, पण नाही. पाढे तोंडपाठ असतील तर सापडतं. नसतील तर पोर पेनाचं टोपण चावत बसतं.

शिवलीला पाचवीपर्यंत मामाकडं, कर्नाटकात आळंदच्या बाजूला, कानडी शाळेत शिकली. तिला पाढे येतात, पण कानडीत. "पंधरा आठे किती?" म्हटलं की आधी डोक्यात कानडी वाजतं, मग तिचं मराठी होतं. तेवढ्यात वर्ग हसलेला असतो. शेवटी तिनं शोधायचंच सोडून दिलं होतं.

शिबिरात मी म्हणाले, "शोधू नका. बेरीज 23 आहे ना? तिचं निम्मं करा. साडेअकरा. दोन्ही आकडे साडेअकरापासून सारख्याच अंतरावर असणार. एक जेवढा वर, तेवढाच दुसरा खाली. समजा, तुम्ही दोघी फाट्यावर पाठीला पाठ लावून उभ्या आहात. एक सोलापूरकडं चालली, दुसरी उमरग्याकडं. पावलं सारखीच. किती, तेवढंच काढायचं."

ते असं काढायचं. साडेअकराचा वर्ग 132.25. त्यातून 120 वजा केले, राहिले 12.25. त्याचं वर्गमूळ साडेतीन. एवढीच पावलं. साडेअकरात साडेतीन मिळवले, 15. वजा केले, 8. सापडले. पुढं सगळं पुस्तकातलंच: 23x ची फोड 15x आणि 8x, आणि उत्तर (2x + 5)(3x + 4). यात अंदाज कुठंच नाही. आणि हे असं का होतं, तर a² − b² च्या सूत्रामुळं. ते सूत्रही पुस्तकातच आहे. मी काही नवा शोध लावलेला नाही.

या रीतीला पोरांनी नाव दिलं फाटा पद्धत.

तर त्या शनिवारी शिवलीला पेपर घेऊन माझ्याकडं आली. मी तिथंच पत्रक लिहायला घेतलं. मथळा मोठा, उद्गारचिन्हं तीन, खाली तिचं नाव, शाळेचं नाव, सरांचं नाव. संध्याकाळी तिच्या आईला वाचून दाखवलं. आई, महानंदाकाकू, शिलाईचं काम करतात. मशीन न थांबवता ऐकलं.

"ताई, लेकीचं नाव नगा छापू."

"काकू, नाव नसलं तर लोक पेटत नाहीत."

"लोक पेटत्याल, अन् वास आमच्या घरात येईल. ते गणित छापा की. नाव कशाला पाहिजे गणिताला?"

मला राग आला. तरी पत्रक पिशवीत टाकलं.

सोमवारी शाळा उघडायला मी मुख्याध्यापकांच्या ऑफिसात. बाहेर व्हरांड्यात शिवलीला आणि काकू. आत मुख्याध्यापक आणि गणिताचे माळी सर. माळी सर वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगते. पोरांना हात लावत नाहीत, जादा तास फुकट घेतात. पण पेपर समोर ठेवला तसे उसळले.

"उत्तर बरोबर आहे, मान्य. पायरी कुठाय मॅडम?"

"ही काय. साडेअकरा."

"ही पायरी व्हय? त्रिपदी पूर्णांकाची, उत्तर पूर्णांकाचं, अन् मधीच साडेअकरा! कुणाच्या रानातून उपटलं?"

"निम्मं केलंय सर. तेवीसचं."

"पुस्तकात न्हाय ते."

"पुस्तकात नाही म्हणून चूक? कुठली ओळ चूक आहे, बोट ठेवून दाखवा."

सरांनी पेपर उचलला, परत ठेवला. बोट ठेवलं नाही. मग खरं पोटातलं ओठावर आलं.

"बघा मॅडम. जिला पाढा म्हणता येत न्हाय तिला तिन्हीच्या तिन्ही सुटतेत. अन् पहिल्या नंबराच्या पोराला दोनच. आता तुम्हीच सांगा काय समजायचं मी."

"म्हणजे कॉपी."

"तसं मी म्हणलो न्हाय."

"शेऱ्यात तेच म्हणलाय."

मुख्याध्यापक इतका वेळ पंख्याकडं बघत होते. ते म्हणाले, "भांडू नका. पोरगी बाहेरच हाय. सर, एक देऊन बघा की. आणि मॅडम, तुम्ही गप बसायचं. डोळ्यानंसुद्धा सांगायचं न्हाय."

शिवलीला आत आली. ऑफिसातल्या फळ्यावर शाळेची पटसंख्या लिहिलेली असते. सरांनी कोपरा पुसला आणि लिहिलं: x² + 10x + 18.

मी मनात निम्मं केलं. हे सुटणारं गणित नव्हतंच. पंचवीसातून अठरा गेले की सात उरतात, आणि सातचं वर्गमूळ पूर्ण निघत नाही. सरांनी सापळा लावला होता. पाठ करून आलेली पोरगी कुठलं तरी उत्तर ठोकून देणार, आणि सर म्हणणार, बघा! मी उठायला गेले. मुख्याध्यापकांनी नुसता हात वर केला.

शिवलीलानं खडू घेतला. निम्मं, 5. वर्ग, 25. वजा 18. खाली लिहिलं 7. आणि थांबली.

व्हरांड्यात काकू दाराला चिकटून उभ्या. फळ्यावर ते 7, आणि पोरगी हलेना. मला वाटलं, गेलं. उद्या ही सतरा नंबरवर सही करणार.

सर म्हणाले, "काय? अडकलं?"

"अडकलं न्हाय सर. संपलं."

"संपलं म्हणजे?"

"याला पूर्णांकात अवयव न्हाईत. सात उरले. सातचं वर्गमूळ करणीत येतंय, म्हंजी मुळाच्या चिन्हातच राहतंय, पूर्ण येत न्हाय. सारखी पावलं टाकली तरी आकड्यावर पाय पडत न्हाय."

सर फळ्याकडं बघत राहिले. ओठ हलत होते: एक अठरा, दोन नऊ, तीन सहा. त्यांना उत्तर माहीत होतं, गणित त्यांनीच रचलेलं. तरी म्हणत होते. मग खुर्चीत बसले.

"दुसरं कुणी असतं तर तास संपेस्तोवर शोधत बसलं असतं," ते म्हणाले. मला नाही, मुख्याध्यापकांना. "अन् मीबी म्हणलो असतो, आणखी शोध."

तिथंच पेपर पुन्हा तपासला गेला. तिन्ही गणितांचे पूर्ण गुण. शिवलीला पास. शेरा मात्र तसाच राहिला, लाल शाई खोडता येत नाही म्हणे.

मी विचारलं, "बाकीच्या वर्गाचं काय? ही पद्धत चालेल, असं वर्गात सांगणार का?"

मुख्याध्यापक उठले. "एका पेपरासाठी आलता ना मॅडम? झालं की. चहा घ्या."

मी चहा घेतला नाही. घ्यायला हवा होता. बसले असते तर आणखी बोलता आलं असतं.

बाहेर आल्यावर शिवलीलानं एक गोष्ट सांगितली. शिबिरातली बाकीची पोरंही पेपरात फाट्यानंच गेली होती. मागच्या पानावर पेन्सिलीनं निम्मं करून आकडे काढले, मग ती पेन्सिल खोडली आणि वर सरांच्या पायऱ्या रचल्या. त्यांना पूर्ण गुण. हिनं जे केलं तेच पेनानं लिहिलं.

"मी खोडाया पाहिजे होतं का ताई?"

काकू माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणाले, "न्हाय." पण आवाज हवा तेवढा ठाम निघाला नाही, कारण या शाळेत पुढचं वर्षही तिला याच सरांकडं काढायचं आहे.

पत्रक मी बदललं. नावं काढली, उद्गारचिन्हं काढली. वर ते गणित, खाली साडेअकरा, खाली उत्तर. शेवटी एकच ओळ: यात चूक कुठं आहे? फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर लावलंय. लोक उभ्या उभ्या निम्मं करतात, वाद घालतात. माळी सरांची गाडी तिथूनच जाते. परवा ते थांबून वाचत होते असं टपरीवाला सांगत होता.

या कामात मी शिकले ते एवढंच: बरोबर उत्तराला गुण मिळत नाहीत, ओळखीच्या पायरीला मिळतात. आणि पोरांना हे आपल्या आधी कळतं, म्हणून ती खोडायला शिकतात.

तुमच्या घरात शाळेत जाणारं पोर आहे. आज त्याचा गणिताचा पेपर मागा. बरोबर उत्तरावर लाल काट दिसली तर पोराला बोलू नका. तो पेपर घेऊन उद्या शाळेत जा, मास्तरांसमोर ठेवा आणि विचारा, "चूक कुठल्या ओळीत आहे? बोट ठेवून दाखवा." बोट ठेवलं जात नाही किंवा गुण मिळत नाहीत, तोवर खुर्चीवरून उठू नका. आणि चहा आला तर घ्या.