वाकळेचा उघडा कोपरा

सेलूला स्टेशनकडच्या गल्लीत रुख्मिणीचं घर. पुढच्या खोलीत मोटार बसवलेली शिलाई मशीन आणि तिच्यावर भिंतीला खंडोबाची तसबीर. सकाळी दिवा लावला की ती मशीनलाही हळदीकुंकू वाहायची, चाकाला हात लावून तोच हात कपाळाला लावायची आणि मग बसायची. अकरा वर्षं ती लोकांच्या वाकळी शिवत होती. बाया वरचं तोंड घरी हातानं जोडतात, रंगीत ठिगळांचं, त्रिकोणांचं, चिमण्यांचं. आत घालायला जुनी लुगडी आणतात. पण उभेआडवे दोरे घालत महिना-महिना बसायला आता कुणाला वेळ नाही, म्हणून टिपा रुख्मिणीकडून मारून घेतात. तिच्याकडं दिलेली चिंधीसुद्धा परत येते, असं गल्लीत म्हणायचे. ते तिच्या कानावर यायचं आणि तिला बरं वाटायचं.

चारठाण्याची कडूबाई दिवाळीनंतर आली. सत्तरी ओलांडलेली, डोळ्यांवर जाड भिंगं. नातीला, राजनंदिनीला, दिवस भरत आले होते.

"वरचं समदं म्या जोडलंय," कडूबाईनं गाठोडं सोडलं. "दोन वरसं लागली बाई. आता सुईत दोरा जाईना."

वाकळेचं तोंड पाहून रुख्मिणीचा हात थांबला. मधोमध कमळ, भोवती चिमण्या, एकेका चिमणीला मोहरीएवढा डोळा. असलं काम तिनं कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

शेवटी कडूबाईनं पंच्यात गुंडाळलेला हिरवा शालू काढला. "ह्यो पंकजाचा, माझ्या लेकीचा. लग्नातला. राजनंदिनी तीन वरसाची होती, तवा गेली ती. मधल्या थराला ह्योच घाल. लेकराच्या पाठीला त्याची आजी लागंल. आन चवथा कोपरा उघडा ठिव. बारशाला घास भरवायचाय."

त्यांच्याकडं वाकळ उपाशी ठेवत नाहीत. शेवटच्या कोपऱ्यातून भाकरीचा तुकडा आत घालायचा आणि मग तो कोपरा शिवायचा. रुख्मिणीनं मान हलवली. मशीन बंद होती, घरात कुणी बोलत नव्हतं. ऐकू आलं नाही म्हणायला पुढं तिला कुठंच जागा राहिली नाही.

शालूचा काठ भरीव जरीचा. पहिली सुई मोडली. दुसरी आणली, तीही काठावरच मोडली. लग्नसराईची कामं दारात पडलेली. रुख्मिणीनं टीप उसवली, काठाची सुईत गुंतलेली बोटभर पट्टी कापून चिंध्यांच्या टोपलीत टाकली आणि शालू ओढून काढला. त्याच्या जागी घरातली जुनी चादर घातली. आत कोण बघतंय, असं तिला वाटलं. दुसऱ्या कुणी सुचवलं नव्हतं, ते तिचंच मन होतं.

शालू परत द्यायचा, खरं सांगायचं, असं ठरवून तिनं तो कोनाड्यात ठेवला. तिसऱ्या दिवशी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई दारात बसली. रुख्मिणीची तीन लुगडी निघाली.

"तिनावर पातेलं येतंय ताई," ती म्हणाली. "आनखी एक कापड घाला, झाकनाचा डबा देते. जरीचं असलं तर लगीच देते."

शालू परत दिला तर सांगावं लागणार. नाहीच दिला तर काही सांगायला नको. रुख्मिणी आत गेली आणि शालू घेऊन आली. डबा लखलखीत होता. तिचा नवरा बन्सीधर जिनिंगवरून आला, म्हणाला, "डबा झ्याक हाय की." तिनं चहा टाकला.

वाकळ न्यायला कडूबाई आली. टिपांवरून बोटं फिरवत राहिली. "देवाचा हात हाय तुजा," म्हणाली. मग जाता जाता, "राजनंदिनीला सांगून ठिवलंय. घास तूच घाल म्हनलं, आईच्या लुगड्याचा काठ हाताला लागंल. आन तू बारशाला ये बरं का, तुज्याबिगर कोपरा शिवनार न्हाई."

त्या दिवसापासून रुख्मिणी खंडोबापुढं दिवा लावायची, पण वर बघायची नाही. गल्लीतून भांडेवाली गेली की धावत जाऊन विचारायची. शालू परभणीला जाणाऱ्या गठ्ठ्यात कधीच गेला होता. मग टोपली उपसताना ती बोटभर पट्टी सापडली. हिरवी, जरीची, दोन भोकं पडलेली. रुख्मिणीनं ती पदराच्या गाठीत बांधली. घासाच्या आधी गपचूप कोपऱ्यात सरकवायची, काठ हाताला लागला की झालं. बारशाला जाताना एसटीत तिनं ती गाठ चारदा चाचपली.

चारठाण्याला तिला पाटावर बसवलं. कडूबाईनं सगळ्यांच्या आधी तिला कुंकू लावलं. "ही मशीनवाली. हिचं काम बघा." बाया टिपा बघत होत्या, चिमण्यांचे डोळे मोजत होत्या. वाकळ रुख्मिणीच्याच मांडीवर होती. उघडा कोपरा तिच्या हाताशी. सरकवायला एवढा वेळ पुरत होता. गाठ सुटली, पट्टी मुठीत आली, आणि मूठ काही उघडेना. तेवढ्यात राजनंदिनी बाळाला कडूबाईकडं देऊन खाली बसली, वाकळ तिनं आपल्याकडं ओढली.

तिनं भाकरीचा तुकडा घेऊन हात आत घातला. मनगटापर्यंत गेला. "आजी, काठ लागंना."

"नीट बघ. खाली आसंल."

"न्हाई. समदं मऊच लागायलंय."

"मशीननं खाल्ला का काय काठ?" कोपऱ्यातून एक बाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

"मशीननं न्हाई," रुख्मिणी म्हणाली. आवाज तिचा तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "म्या दिला. सुया मोडायल्या होत्या. आत माझ्या घरची चादर हाय. शालू भांडेवालीला दिला." तिनं मूठ उघडली. "एवढाच ऱ्हायलाय."

हसणं विझलं.

"काय आलं त्याच्यावर?" कडूबाईनं विचारलं.

"डबा. झाकनाचा."

"केवढा?"

"दोन किलो पिठाचा." सांगताना रुख्मिणीची मान आणखी खाली गेली. "उद्या आनून देते."

"आमाला कशाला? तुज्याच घरी ऱ्हाऊ दे."

राजनंदिनीनं पट्टी घेतली, उजेडाला धरली, गालाला लावली. रुख्मिणीला तिच्याकडं बघवेना. राजनंदिनीनं ती भाकरीच्या तुकड्याभोवती गुंडाळली आणि दोन्ही आत सारलं, हात जाईल तितकं खोल. मग सुईदोरा रुख्मिणीपुढं ठेवला.

"तुमीच शिवा. हातानं."

अकरा वर्षांत तिनं वाकळेला हातानं टाका घातला नव्हता. सगळ्या बाया बघत होत्या. टाके वाकडे पडले, एक मोठा, एक बारका. मशीनच्या सरळ टिपांशेजारी ते लांबूनही दिसत होते. कुणी उसवायला सांगितलं नाही. बाळाला त्यावरच निजवलं.

निघताना कडूबाईनं सगळ्यांसारख्या तिलाही घुगऱ्या दिल्या. कुंकू परत लावलं नाही.

घरी आल्यावर बन्सीधरनं विचारलं, "कसं झालं बारसं?"

"झालं," ती म्हणाली. घुगऱ्या ठेवायला तिचा हात मांडणीवरच्या डब्याकडं गेला. तिथूनच मागं आला. घुगऱ्या तिनं परातीतच पसरल्या आणि वर फडकं झाकलं.