नळवाल्याने जोडलेली सायकल

आमच्या घरात 'नाही' हा शब्द मी एकटीच वापरते. ह्यांनी छत्तीस वर्षं प्लंबरचं काम केलं, पण दारात कुणी काही मागायला उभं राहिलं की ह्यांची जीभ उचलत नाही. शिडी गेली, ड्रिल मशीन गेलं, माझं मोठं पातेलं गेलं. माणूस देवासारखा, असं सगळे म्हणतात. म्हणायला काय जातंय? पातेलं माझं होतं.

आठ वर्षांपूर्वी मुलगी नोकरीसाठी परदेशी निघाली, तेव्हा तिने ह्यांना समोर बसवून सांगितलं, "बाबा, तुम्ही सगळं सगळ्यांना देता. माझी सायकल तेवढी कुणाला देऊ नका." सायकल डोंगरावर चालवायची, जाड टायरांची, गिअरवाली, जवळजवळ तिच्याच वयाची. पहिल्या पगारातून तिने ती जुनीच विकत घेतली होती. ह्यांनी शब्द दिला.

सहा महिन्यांत खालच्या मजल्यावरचे मास्तर ती आठवडाभरासाठी घेऊन गेले आणि दोन महिन्यांनी सीटशिवाय परत आणली. मग वॉचमनला हातगाडीसाठी चाकं हवी झाली. शिंप्याने हँडल नेलं, कशाला ते त्यालाच ठाऊक. असं होत होत गॅलरीत नुसती निळी फ्रेम उरली. मी तिच्यावर पायपुसणी वाळत घालू लागले.

मग मुलीचा फोन आला. आठ वर्षांत पहिल्यांदाच सुट्टी मिळाली, तीन आठवड्यांनी येते, सायकलमध्ये हवा भरून ठेवा.

"जा आणि एकेकाकडून मागून आणा," मी म्हटलं.

"आता कसं मागायचं? वाईट दिसतं."

द्यायची भीड, मागायचीही भीड. मी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवसापासून हे भंगारवाल्यांकडे फेऱ्या मारू लागले. चाकं एका दुकानातून मिळाली, ब्रेक दुसऱ्यातून, चेन तिसऱ्यातून. फ्रेम घासून, गंज काढून तिला निळा रंग दिला. माझ्या बैठकीच्या खोलीत वर्तमानपत्रावर छर्रे, ग्रीस आणि आरे. जेवायला बसायची जागा नाही.

घोडं अडलं ते पेडलच्या दांड्यापाशी. तो ज्या नळीत बसतो तिच्या उजव्या तोंडाशी छर्रे धरून ठेवणारा एक गंजलेला कप रुतून बसला होता. चार दिवस हे तो सोडवत होते. तेल घातलं, गरम केलं, पान्याला पाइपचा तुकडा लावून त्यावर अख्खं वजन टाकलं.

"अहो, उलटं फिरवून बघा," मी म्हटलं.

"छत्तीस वर्षं आटे सोडवतोय. मला शिकवू नकोस."

पाचव्या दिवशी सायकलच्या दुकानदाराने सांगितलं, त्या बाजूचे आटे उलटे असतात. म्हणजे चार दिवस हे तो कप जीव खाऊन घट्ट करत होते. मी हसले नाही. निदान त्यांच्यासमोर नाही.

मुलगी यायच्या आदल्या दिवशी सायकल उभी राहिली. "होती तशीच आहे म्हणायचं," ह्यांनी मला बजावलं. मला पटलं नव्हतं, पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसले.

मुलीने आल्या आल्या सायकल गाठली. सीटवरून हात फिरवला, खाली वाकली आणि तशीच थांबली. डाव्या पेडलच्या मुळाशी पांढऱ्या टेपचं टोक बाहेर आलं होतं. नळ बसवताना पाणी गळू नये म्हणून आट्यांवर गुंडाळतात ती टेप. ह्यांनी सवयीने सायकलच्या प्रत्येक आट्याला ती गुंडाळली होती. तिने ते टोक नखाने तोडलं, सायकल उचलली आणि गेली. तासाभराने चिखलाने माखून आली. हे तोवर गॅलरीतून हलले नव्हते.

"कशी चालते?"

"कुठेही गळत नाही, बाबा."

ह्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी सगळं सांगितलं. मास्तर, वॉचमन, शिंपी, काही लपवलं नाही. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सायकल गेली त्याचं एवढं नाही. पण देताना एकदाही माझी आठवण आली नाही?"

"दर वेळी आली. पण समोरच्याला 'नाही' म्हणवत नाही गं मला. आणि तू समोर नव्हतीस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, आणि रागही आला, कारण ते खरं होतं.

पंधरा दिवसांनी ती परत गेली. तिसऱ्याच दिवशी मास्तर दारात. नातू आलाय, दोन दिवस सायकल मिळाली तर. एरवी मी पुढे झाले असते. त्या दिवशी मुद्दाम स्वयंपाकघरात भांडी घासत राहिले.

मग नळ बंद करून कान दिला.

"नाही," हे म्हणाले. "मुलीची आहे ती."

मास्तर बरं बरं म्हणत गेले. हे आत आले, माठातलं पाणी घेतलं.

"फार वाईट दिसलं का गं?"

"दिसलं," मी म्हटलं. "पण आजही ती समोर नव्हती."

ह्यांनी पेला ठेवला आणि चाकांत हवा आहे का ते दाबून बघायला गॅलरीत गेले.