सुषमाच्या लॅपटॉपवर भंडारा

माझी सून सुषमा दिसायला गरीब, पण एकदा हट्टाला पेटली की कुणाच्या बापाला ऐकायची न्हाई. मला ते आवडतं, उगं खोटं कशाला बोलू!

आमच्या केंदुरात खंडेनवमीला घरातलं झाडून सगळं पुजत्यात. कोयता, मोटर, फटफटी, आन् आता लॅपटॉप. माझा धाकटा दीर गेणबा म्हंजी भारी भगत. त्यानं उघड्या लॅपटॉपवर मूठभर भंडारा उधळला आन् "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" अशी आरोळी ठोकली.

दसरा झाल्यावर सुषमानं सकाळी लॅपटॉप चालू केला, तर कुणी हात न लावता पडद्यावर एम, एम, एम! वळीच्या वळी भरल्या. अकराला कारेगावच्या कंपनीची ऑनलाइन परीक्षा व्हती. पास झाली तर नोकरी, न्हाईतर पुन्हा कांद्याचं वाफं.

गेणबा लगीच म्हणला, "देवाला न्हाई पटलं हे. ठेव बंद करून. बाईमाणसानं रान बघावं."

"देव टायपिंग करतो व्हय, आप्पा?" सुषमा म्हणली. आगाऊ पोरगी! मी पदर तोंडाला लावून हसले.

तिनं लॅपटॉप बंद करून परत लावला. एम चालूच. मग वायरचा दुसरा कीबोर्ड जोडून पाहिला, त्याची बटनं नीट चालली, पण एम काय थांबंना. "आत्या, बिघाड लॅपटॉपच्याच बटनात हाय," म्हणली. चार्जर काढला, लॅपटॉप बंद केला, पालथा धरून हळू थोपटला. भुरभुर पिवळं पडलं! मग केसातल्या आकड्यानं ते बटन उचकटलं आन् खालचा भंडारा जुन्या ब्रशनं झाडला.

"अगं, देवाचा भंडारा झाडतीस? पाप लागंल!" गेणबा अंगावर धावला.

सुषमा जागची हलली न्हाई. पडलेला भंडारा तिनं चिमटीत घेतला, आपल्या कपाळाला लावला, उरलेला गेणबाच्या कपाळाला फासला. "झालं दर्शन. आता बाहेर बसा." बटन बसवलं, लॅपटॉप लावला. पडदा कोरा!

अकराला ती परीक्षेला बसली. मी दार वढून घेतलं आन् उंबऱ्यावर फतकल मारली. गेणबा पुटपुटत परत आलाच.

"भावजी," मी म्हणले, "सगळा जलम मी रानच बघितलं, कवा इचारलं का मला, तुला काय पाह्यजे म्हणून? माझ्या सुनंला तिचं ठावं हाय. आता ह्या दाराला हात लावून बघा!"