आधी औषध, मग घर

साऱ्या वसई तालुक्यात सगळ्यात निरोगी कोण असेल, तर आमच्या शेजारच्या काकांची कबुतरं. आणि त्या निरोगीपणाला सगळ्यात जास्त कंटाळलेलं कोण असेल, तर तीही काकांची कबुतरंच. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. आमच्या भुईगावात माणसं ताप अंगावर काढायची, खोकला आला तर आल्याचा तुकडा चघळायची आणि फारच झालं तर माणिकपूरला डॉक्टरकडे जायची. काकांच्या कबुतरखान्यात मात्र कुणाला साधं शिंकायचीही मुभा नव्हती. काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. जगातले झाडून सगळे रोग बाहेरगावाहून पार्सलने येतात आणि वेळीच अडवले तर परत पाठवता येतात, अशी त्यांची ठाम समजूत होती. "रोग झाल्यावर औषध देतो तो गाढव, मास्तर," ते मला सांगायचे. मी नुकताच शाळेत शिकवायला लागलो होतो, त्यामुळे हे वाक्य माझ्यावरच आहे असं उगाच वाटायचं.

कबुतरांना जंत होतात हे मला काकांच्या शेजारी राहायला येईपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ठाऊक नव्हतं तेच बरं होतं. वावडिंग आणि पळसपापडी कुटून त्यांचा काढा व्हायचा, त्यात लसणीचा रस पडायचा, आणि तो वास आमच्या ओटीवर येऊन बसला की आमचा पोह्यांचा बेत रद्द. पाखरं रात्रभर उपाशी ठेवायची, सकाळी एकेकाला जुन्या पंचात गुंडाळायचं, मी धरायचं आणि काकांनी शाईच्या ड्रॉपरने चोचीत थेंब सोडायचे. मग जमिनीवर चुना, घरट्यात उवांसाठी तंबाखूच्या काड्या, कडुलिंबाची धुरी. काकू बिचाऱ्या चुलीपाशी चरफडत असायच्या. "आदी पाखरांचा काडा, मग आमचा चा! मला मेलीला पंख नाहीत ना, म्हनून हे हाल." एकदा काकांच्या मुलीला बघायला विरारहून पाहुणे आले. त्यांनी कौतुकाने काकांसाठी पांढऱ्या कबुतरांची जोडी आणली. काकांनी ती दारातच काढून घेतली, न्हाणीघरात कोंडली आणि 'बाहेरून आलेल्यांनी' म्हणत पाहुण्यांच्याही हातांवर तुरटीचं पाणी ओतलं. न्हाणीघर अडल्यामुळे घरच्यांना दोन दिवस विहिरीवर आंघोळ करावी लागली. तरी लग्न जमलं, मुलगी चांगली होती म्हणून.

हसायचो आम्ही, पण या वेडामागे एक दुखणं होतं. फार वर्षांपूर्वी काकांनी मुंबईच्या बाजारातून एक देखणा नर आणला होता आणि हौसेने त्याच संध्याकाळी बाकीच्यांत सोडला होता. महिना व्हायच्या आत अख्खा कबुतरखाना रिकामा झाला. माना वाकड्या करकरून पाखरं गेली. काकांनी ती केळीच्या बुंध्याशी एकेक करून पुरली. हे मला काकूंनी सांगितलं. काका त्याबद्दल कधी अवाक्षर बोलले नाहीत. तेव्हापासून त्यांचा नियम होता, बाहेरून आलेल्या पाखराला आधी औषध, मग घर. मग ते शर्यतीच्या सरावाला नुसतं जवळच्या पापडी गावापर्यंत जाऊन आलेलं का असेना.

आता काकांची आयुष्यात एकच महत्त्वाकांक्षा उरली होती, ती म्हणजे माणिकपूरच्या बेकरीवाल्याला कबुतरांच्या शर्यतीत एकदा तरी हरवायचं. बेकरीवाल्याची कबुतरं शिळ्या पावाचा चुरा खायची, गटाराचं पाणी प्यायची आणि दरवर्षी पहिली यायची. "काका, पाखराला दाना-पानी द्यायचा, बाकी देव बघतो," तो हसून म्हणायचा. काकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "तुझी पाखरं पोटासाठी येतात रे! माझी माझा हात ओळखतात. मायेने येतात!"

त्या वर्षी काकांची चांदणी खरोखरच जिंकणार होती. करड्या रंगाची, छातीने भरलेली, डोळा लखलखीत. टोपल्या आदल्या रात्री गाडीने बलसाडला गेल्या. सकाळी तिथे पाखरं सोडायची, आणि ज्याचं पाखरू आधी आपल्या खुराड्यात शिरेल तो जिंकला. प्रत्येकाच्या अंगणात दुसऱ्याचा माणूस घड्याळ घेऊन साक्षीला. आमच्याकडे बेकरीवाल्याचा मेहुणा होता. काकूंनी त्याला चहा दिला तोच उत्तरेकडून चांदणी आली. काय आली म्हणून सांगू! बाण सुटावा तशी आली आणि कौलांवर बसली. मेहुण्याचं तोंडच उतरलं. आळीभर माणसं ओरडायला लागली. काका डब्यात वाटाणे खुळखुळवत पुढे झाले, "ये बाय, ये!"

चांदणीने काकांकडे पाहिलं आणि ती चार पावलं मागे सरकली.

काकांनी आवाज आणखी गोड केला. ती उडून माडावर जाऊन बसली. काका माडाखाली गेले, तर ती परत कौलांवर. मेहुणा पुन्हा चहा प्यायला लागला. शेवटी काकू बाहेर आल्या आणि सगळ्यांना दिसत होतं पण कुणी बोलत नव्हतं ते बोलल्या, "तुमी आत जा बघू. तुमाला बघूनच बसलीय ती वर."

 वाटाण्यांचा डबा माझ्या हातात देऊन काका माजघरात गेले. दार लागलं मात्र, चांदणी टपकन उतरली आणि सरळ खुराड्यात शिरली. तेवढ्यात माणिकपूरहून सायकल आली: बेकरीवाल्याचं पाखरू केव्हाच घरात गेलं होतं. आत जाऊन काकांना हे सांगायचं माझ्याने होईना. दाराआडून त्यांनीच विचारलं, "आली का रे?"

दुसऱ्या दिवशी बेकरीवाला स्वतः समाचाराला आला. भला माणूस. "काका, औषध बंद करा, पुढच्या साली तुमचीच पयली," म्हणाला. काकांनी ऐकून घेतलं. पुढच्या साली चांदणीच पहिली आली, पण औषध काही बंद झालं नव्हतं. शर्यतीच्या सकाळी काका आपण होऊनच माजघरात जाऊन बसले होते, एवढाच फरक. अंगणात आरडाओरडा, मेहुणाही टाळ्या वाजवतोय, आणि जिंकलेला माणूस आत अंधारात पाटावर बसलेला. मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, एक वर्ष नका देऊ औषध. निदान तिला उतरताना तरी बघा डोळ्यांनी!"

"मास्तर, माझ्यावर रुसली तर रुसू दे," काका म्हणाले. "पण रुसायला ती असली पाहिजे ना?"

 मग त्यांनी मला विचारलं, ती कशी उतरली, पंख कसे मिटले, दमली होती का. मी सांगत राहिलो, आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले.